दोन अँथनी

आज मी ब्राझील देशातल्या एका संगीतकाराविषयी आणि त्याच्या नावाने होणाऱ्या मैफलींविषयी बोलणार आहे. आपल्यापैकी कोणी म्हणेल, "ब्राझीलच्या गाणाऱ्याचं आमच्या वऱ्हाडात काय काम? त्यापेक्षा कपाशीचा भाव सांगा." हे म्हणणे रास्त आहे. पण थोडा वेळ कळ काढा. ही गोष्ट ब्राझीलहून निघून गोव्याला येते, तेथून मुंबईला जाते आणि शेवटी मूर्तिजापूरच्या बाजूच्या एका लहानशा शाळेत येऊन थांबते.

सुरुवात मात्र आपल्या घराजवळून करू. अमरावतीहून नागपूरकडे जाताना वाटेत मोझरी लागते. तेथे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे गुरुकुंज आहे. महाराज 1968 साली गेले. तेव्हापासून दरवर्षी आश्विन वद्यात तेथे पुण्यतिथीचा महोत्सव होतो. गावोगावची भजनी मंडळे खंजिरी, पेटी, टाळ घेऊन येतात आणि महाराजांची भजने गातात. भाषणे होतात, हारतुरे होतात. पण खरी आदरांजली कोणती? दहा माणसे मिळून महाराजांचे भजन महाराजांच्याच चालीत, पण आपल्या गळ्याने म्हणतात, ती. ज्याने गाणे दिले त्याचा मान गाण्यानेच करावयाचा, ही रीत आपल्याला कोणी शिकवावी लागत नाही.

जॅझ नावाचे जे संगीत अमेरिकेत निग्रो समाजाच्या दुःखातून आणि उमेदीतून जन्माला आले, त्याचीही रीत हीच आहे. चार-पाच वादक एकत्र बसतात. एकजण सॅक्सोफोन वाजवितो. ही पितळेची, फुंकून वाजवावयाची वाकडी नळी आपण लग्नाच्या बँडमध्ये पाहिलेली असेल. एकाजवळ पियानो, एकाजवळ माणसाएवढे उंच तंतुवाद्य, आणि एकाजवळ ढोल व झांजा. आधी सर्वजण मिळून गाण्याची मूळ चाल वाजवितात. मग एकेकजण पुढे होऊन त्याच चालीवर आपल्या मनाचे विस्तार करतो, आणि शेवटी सारे मूळ चालीवर परत येतात. आपला गवई बंदिशीचा मुखडा धरून उपज करतो आणि समेवर येतो, तसेच हे. म्हणून एखाद्या रचनाकाराचा गौरव करावयाचा असला म्हणजे जॅझचे वादक त्याच्या सात-आठ रचना घेतात आणि संध्याकाळभर त्याच वाजवितात. त्याच्या चालीत आपल्याला राहावयास जागा आहे, हे दाखवून देणे हाच त्यांचा हार आणि हेच त्यांचे श्रीफळ.

असा मान जगभर ज्याच्या वाट्याला वारंवार आला, तो ब्राझीलचा रचनाकार म्हणजे अँतोनियो कार्लोस जोबिम. लोक त्याला प्रेमाने टॉम म्हणत. त्याचा जन्म 25 जानेवारी 1927 रोजी रिओ द जानेरो शहरात झाला. लहानपणी त्याला पियानो शिकविला तो कोएलरॉयटर नावाच्या एका जर्मन शिक्षकाने. हे गृहस्थ पुढे 1960च्या दशकात आपल्या दिल्लीत येऊन राहिले होते आणि तेथेही संगीत शिकवीत होते. जग किती लहान आहे पाहा!

जोबिमचे लग्न लवकर झाले. घरखर्च चालवावयाचा होता. रात्री दारूच्या गुत्त्यांतून पियानो वाजवायचा आणि दिवसा एका रेकॉर्ड कंपनीत कारकुनासारखे बसायचे, असा त्याचा क्रम होता. काम कोणते? ज्यांना चाली सुचत, पण कागदावर उतरविता येत नसत, असे पुष्कळ गाणारे तेथे येत. ते गुणगुणत आणि जोबिम त्यांची चाल स्वरलिपीत लिहून काढी. म्हणजे चाल दुसऱ्याची, लेखणी याची. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे उपयोगी पडेल.

आता त्याने केले काय, ते पाहू. ब्राझीलचे लोकप्रिय संगीत म्हणजे सांबा. मोठमोठे ढोल, शेकडो माणसे, रस्त्यावरून चाललेली मिरवणूक. आपल्याकडे ढोल-ताशा घेऊन गणपती निघतो, तो थाट. पण रिओच्या समुद्रकाठी नव्या इमारतींतून राहणाऱ्या तरुण मुलांना घरात बसून हळू आवाजात गावेसे वाटू लागले. त्यांच्यातल्या जोआओ जिल्बेर्तो नावाच्या गायकाने सांब्याची सारी मिरवणूक एका गिटारीत आणून बसविली. अंगठ्याने मोठ्या ढोलाचा ठोका आणि बाकीच्या बोटांनी लहान डफलीचे आडवे ठोके. आणि गाणे कसे? तर पहाटे जात्यावर बसलेली आई जशी शेजारची माणसे जागी होऊ नयेत अशा बेताने ओवी म्हणते, तसे. जोबिमच्या चाली, व्हिनिसियूस द मोराइस या कवीचे शब्द आणि जिल्बेर्तोचा गळा, असा त्रिवेणी संगम झाला आणि 1958 साली त्यांचे 'शेगा द सौदाद' हे गाणे रेकॉर्डवर आले. 'सौदाद' म्हणजे दूर गेलेल्या माणसाची हुरहूर. या नव्या ढंगाला लोकांनी नावही तसेच दिले: 'बोसा नोवा', म्हणजे नवी ढब.

या नव्या ढबीचे मर्म समजावे म्हणून शिक्षकांना एक सोपा प्रयोग सांगतो. जोबिमची एक प्रसिद्ध रचना आहे, तिचे नावच 'एका सुराचा सांबा' असे आहे. तिच्यात गाणारा बराच वेळ एकच सूर घोळवितो, पण त्याच्या खालची स्वरांची बैठक सारखी बदलत राहते. तुम्ही असे करा. वर्गातल्या एका मुलाला फक्त 'सा' लावून ठेवायला सांगा. मग दुसऱ्या तीन मुलांना एकाच वेळी सा, ग आणि प हे तीन सूर धरायला सांगा. आता त्या तिघांना बदलून म, ध आणि वरचा सा धरायला सांगा. त्यानंतर ध, सा आणि ग. पहिल्या मुलाने आपला सूर तसूभरही हलविलेला नाही. पण तोच सा पहिल्या वेळी स्थिर वाटतो, दुसऱ्या वेळी मोकळा वाटतो आणि तिसऱ्या वेळी किंचित उदास वाटतो. माणूस तोच, पण सोबत बदलली की त्याचा रंग बदलतो. मुलांना हे फार आवडते. शाळेत पेट्या दोन असतील तर एका पेटीवर नुसता सा धरून दुसरीवर ही अदलाबदल करता येईल.

अमेरिकेच्या जॅझ वादकांचे कान या संगीताने टवकारले. गिटारवादक चार्ली बर्ड 1961 साली ब्राझीलला जाऊन आला आणि तेथली गाणी बरोबर घेऊन आला. फेब्रुवारी 1962 मध्ये त्याने आणि सॅक्सोफोनवादक स्टॅन गेट्झ याने वॉशिंग्टनमधल्या एका प्रार्थनामंदिराच्या सभागृहात या गाण्यांची रेकॉर्ड केली. ती इतकी खपली, की त्याच वर्षी 21 नोव्हेंबरला न्यूयॉर्कच्या प्रसिद्ध कार्नेगी सभागृहात बोसा नोवाची मोठी मैफल झाली आणि जोबिमला स्वतः जाऊन तिच्यात भाग घ्यावा लागला. इपानेमा नावाच्या समुद्रकाठावरून जाणाऱ्या मुलीवरचे त्याचे गाणे 1964 साली जगभर झाले. 8 डिसेंबर 1994 रोजी जोबिम वारला. दुसऱ्याच वर्षी जो हेंडरसन या थोर सॅक्सोफोनवादकाने सबंध रेकॉर्ड फक्त जोबिमच्या रचनांची काढली. 1999 साली रिओच्या विमानतळाला जोबिमचे नाव जोडले गेले. 25 जानेवारी हा त्याचा जन्मदिवस ब्राझीलमध्ये बोसा नोवाचा दिवस म्हणून पाळतात. एकेकाळी दुसऱ्यांच्या चाली लिहून देणाऱ्या माणसाला देशाने याहून मोठा मान तो कोणता द्यावयाचा?

हे झाले ब्राझीलचे. आता गोव्याकडे वळू. ब्राझील आणि गोवा यांचे नाते जुने आहे. 1500 साली पोर्तुगालहून हिंदुस्थानकडे निघालेला काब्राल या दर्यावर्द्याचा तांडा वाटेत ब्राझीलच्या किनाऱ्याला लागला. पुढे दोन्ही मुलखांवर पोर्तुगीजांचा अंमल आला. आपण लग्नाकार्यात जो काजू वापरतो, त्याचे झाड पोर्तुगीजांनी ब्राझीलहून गोव्यात आणले आणि 'काजू' हा शब्दसुद्धा तिकडलाच. ब्राझील 1822 साली स्वतंत्र झाला. गोवा मुक्त व्हायला 1961चा डिसेंबर उजाडला.

तर ज्या 1927 साली तिकडे रिओत अँतोनियो जोबिम जन्मला, त्याच साली इकडे गोव्यात, सासष्टीतल्या माजोर्डा गावी, अँथनी प्रभू गोन्साल्विस यांचा जन्म झाला. साल एक, आणि नावही एकच. अँतोनियो काय आणि अँथनी काय! त्यांचे वडील चर्चमधल्या गायकवृंदाचे गुरू होते. त्या काळी गोव्यातल्या चर्चच्या शाळांतून मुलांना अक्षरओळखीबरोबर स्वरलिपी वाचायला शिकवीत आणि हातात व्हायोलिन देत. म्हणूनच मुंबईच्या चित्रपटांना जेव्हा मोठा वाद्यवृंद लागू लागला, तेव्हा कागदावरचे सूर पाहून वाजविणारी माणसे मुख्यतः गोव्याहून आली. अँथनी 1943 साली मुंबईस आले, तेव्हा वय सोळा वर्षे. नौशाद यांच्याकडे ते व्हायोलिन वाजवू लागले.

त्या वेळची कामाची पद्धत अशी होती. संगीत दिग्दर्शक चाल बांधी. ती चाल वाद्यवृंदाने कशी वाजवायची, व्हायोलिनींनी कोठे उचलायची, मध्ये बासरी कोठे घालायची, मागे कोणते सूर धरायचे, हे सारे स्वरलिपीत लिहून काढणारा माणूस वेगळा असे. त्या धंद्यात त्याला 'अरेंजर' म्हणत. सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, चिक चॉकलेट या नावाने गाजलेले ट्रंपेटवादक आंतोनियो व्हाझ, आणि आपले अँथनी गोन्साल्विस ही त्यांतली मोठी माणसे. पुणतांब्याचे आपले सी. रामचंद्र यांच्या 1951 सालच्या 'अलबेला' चित्रपटात चिक चॉकलेट आणि त्यांचा बँड पडद्यावरही दिसतो. पण असे भाग्य क्वचित. एरवी पडद्यावर नट दिसे, नावांच्या पाटीवर संगीत दिग्दर्शक दिसे, आणि वाजविणारे व लिहिणारे काळोखातच राहत. पगार मिळे, नाव मात्र मिळत नसे. ब्राझीलच्या अँथनीप्रमाणे आपल्या अँथनींचीही लेखणी अशी दुसऱ्यांच्या चालींसाठी झिजत होती.

पण या माणसाच्या मनात एक मोठे स्वप्न होते. आपले राग आणि पश्चिमेकडचा वाद्यवृंद यांचे लग्न लावावयाचे. त्यांनी सारंग, तोडी अशा रागांवर मोठ्या वाद्यवृंदासाठी रचना लिहिल्या. आणि 1958 साली, म्हणजे ज्या वर्षी तिकडे बोसा नोवाची पहिली रेकॉर्ड निघाली त्याच वर्षी, त्यांनी 'इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा' उभा केला. मुंबईच्या सेंट झेवियर कॉलेजच्या चौकात शंभरावर वादक बसले, आणि गायला लता मंगेशकर व मन्ना डे! विचार करा, रागाच्या सुरावटी शंभर वाद्यांतून एकदम उठत असतील तेव्हा कसे वाटले असेल.

मग पुढे काय झाले? तिकडच्या अँथनीच्या रेकॉर्डी जगभर गेल्या. इकडच्या अँथनींचा तो वाद्यवृंद फार दिवस टिकला नाही. शंभर माणसे पदरी बाळगणे हे एकट्यादुकट्याचे काम नव्हे. 1965 साली ते अमेरिकेस गेले. नंतर गोव्यास परतून माजोर्ड्याच्या घरी शांतपणे राहिले आणि 18 जानेवारी 2012 रोजी वारले.

मात्र त्यांनी मुंबईत असताना काही मुलांना शिकविले होते. त्यांतला एक मुलगा व्हायोलिन शिके, तो प्यारेलाल. पुढे लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतला. दुसरा राहुलदेव बर्मन. या राहुलदेवांनी 1966 सालच्या 'पती पत्नी' या चित्रपटात आशा भोसले यांच्या एका गाण्याला चक्क बोसा नोवाचा ठेका दिला. म्हणजे एका अँथनीची ढब दुसऱ्या अँथनींच्या शिष्याने हिंदुस्थानच्या घरोघरी पोचविली. आपण अकोल्याच्या नाहीतर दर्यापूरच्या बाजारात रेडिओवर ते गाणे ऐकले असेल, आणि हा ताल रिओहून आला हे आपल्या गावीही नसेल.

आणि प्यारेलाल यांनी काय केले? 1977 साली 'अमर अकबर अँथनी' हा चित्रपट आला. त्यात मोठ्या अंड्यातून बाहेर येऊन अमिताभ बच्चन आपले नाव सांगत गातो, ते गाणे लहानथोरांना माहीत आहे. त्या पात्राला आधी निराळे आडनाव द्यायचे घाटत होते, पण प्यारेलाल यांनी आपल्या गुरूचे नाव सुचविले, असे सांगतात. गोन्साल्विस हे नाव असे देशाच्या कानाकोपऱ्यात गेले. शिष्याने गुरूला गाण्यातूनच मान दिला. रीत तीच, मोझरीची. पण यात एक चटका आहे. ते नाव कोट्यवधी लोकांच्या तोंडी बसले, आणि त्या नावाचा खरा माणूस आहे, तो जिवंत आहे, त्याने शंभर वाद्यांसाठी सारंग लिहिला आहे, हे त्या कोटींतल्या किती थोड्यांना ठाऊक होते! नाव राहिले आणि माणूस हरवला.

श्रोतेहो, हे सांगत असताना मला माझीच एक चूक आठवते, ती सांगून भाषण पुरे करतो.

मी नवीन नवीन शिक्षक झालो तेव्हाची गोष्ट. शाळा मूर्तिजापूरच्या बाजूला. कापसाच्या हंगामात जवळच्या जिनात कामाला बाहेरगावची माणसे येत. त्यांत एकजण पेटी फार गोड वाजवीत. संध्याकाळी जिनातून सुटले, की अंगावरची सरकी-रुई झटकीत ते शाळेच्या ओट्यावर येत. मुले त्यांना 'पेटीवाले मामा' म्हणत, म्हणून मीही मामाच म्हणे. शाळेच्या प्रार्थनेची चाल फार रटाळ होती. मामांनी दोन संध्याकाळी बसून तिला नवी चाल लावून दिली. साधी, चार सुरांत फिरणारी, पण शेवटच्या ओळीला असा एक हलका वळसा की अंगावर काटा यावा. पहिलीतले पोरही ती एका दिवसात शिकले.

त्या वर्षीच्या स्नेहसंमेलनाचा वृत्तान्त मी वहीत लिहिला. पाहुण्यांची नावे लिहिली, देणगी देणाऱ्यांची लिहिली, कंदील पुरविणाऱ्याचेही लिहिले. मामांना विचारले, "मामा, तुमचं पूर्ण नाव सांगा, वहीत लिहितो." ते हसले आणि म्हणाले, "नाव कायले पायजे गुरुजी? पोट्टे गाते ना, थेच मले पुरे." मलाही ते फार मोठेपणाचे वाटले, आणि मी वही मिटली. पुढच्या हंगामात मामा आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. मग मी चौकशी केली. जिनात विचारले, बाजारात विचारले. कोणी म्हणे पुसदकडचे, कोणी म्हणे रिसोडकडचे. नाव कोणालाच ठाऊक नाही. सर्वांना ठाऊक होते ते 'पेटीवाले' एवढेच.

ती चाल मात्र अजून त्या शाळेत चालू आहे. मागे एका कार्यक्रमाला गेलो होतो. त्यावेळच्या मुलांची मुले आता ती म्हणतात. शेवटच्या ओळीचा तो वळसा अगदी तसाच घेतात. नव्या बाई मला म्हणाल्या, "सर, चाल फार छान आहे. कोणाची हो?" आणि माझी मान खाली गेली.

मामांनी नको म्हटले हा त्यांचा विनय होता. पण देणाऱ्याने नको म्हटले म्हणून घेणाऱ्याचे कर्तव्य संपत नाही. जोबिमचे नाव विमानतळावर आहे, कारण त्याच्या लोकांनी ते जपले. अँथनी गोन्साल्विस यांचे नाव एका शिष्याने गाण्यात गोवून ठेवले. मामांचे नाव ठेवायला एक वही आणि एक पेन्सिल पुरली असती, आणि ती दोन्ही माझ्या हातात होती.

म्हणून शिक्षक बंधुभगिनींनो, माझी विनंती एवढीच. आपल्या शाळेत जी प्रार्थना म्हणतात, जे समूहगीत म्हणतात, त्याची चाल कोणी लावली याची या आठवड्यात चौकशी करा. गावच्या भजनी मंडळात मृदंग कोण वाजवितो, पेटी कोण वाजवितो, जुनी चाल कोणाकडून आली, हे मुलांना विचारून यायला सांगा आणि वहीत पुरे नाव, गाव, साल घालून लिहून ठेवा. माणूस हयात असेल तर संमेलनाच्या दिवशी त्याला पुढे बसवा. हार नसला तरी चालेल. मुलांनी त्याचे नाव सांगावे आणि मग त्याचीच चाल त्याच्यासमोर म्हणावी. न्यूयॉर्कच्या सभागृहात काय किंवा वऱ्हाडातल्या शाळेच्या ओट्यावर काय, गाणे देणाऱ्याचा मान असाच करावयाचा असतो.